गरम पाण्याचा पितळी नळ

आमच्या न्हाणीघरातले नळ माझ्या आधी या घरात आले, आणि तेही माझ्या माहेरच्या गावाहून. मलकापूरला एका जिनिंगवाल्याचा जुना बंगला पाडत होते. तिथल्या भंगारातून सासऱ्यांनी दोन पितळी नळ, चिनी मातीचं एक जाड बेसिन आणि साखळी ओढायची लोखंडी टाकी उचलली, एसटीच्या टपावर घातली आणि मेहकरला आणली. काही वर्षांनी त्याच रस्त्याने लग्न होऊन मी आले. घरात नवं माणूस आलं की सासूबाई अजून हे सांगतात आणि वर पुस्ती जोडतात, "नळ गुपचूप हायेत. हे एकटीच बोलते."

खोटं नाही. माझा राग नाकावर, आणि तोंड रागाच्याही पुढे. सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत गेली, तिथे हळू बोलून भागत नाही. त्या न्हाणीघराचा तर मला पहिल्या दिवसापासून राग होता. काळी फरशी, उंच खिडकी, भिंतीतून निघालेले ते दोन बोजड नळ. त्यांच्या डोक्यावर चार दांड्यांच्या मुठी. दर सणाला चिंच लावून ते घासायचे ते मीच. "हे सगळं तोडून नवीन करू," असं मी वीस वर्षं म्हणत आले आणि नवरा वीस वर्षं "पाहू" म्हणत आला. आमच्या घरात "पाहू" म्हणजे "नाही".

मग काचबिंदूने सासूबाईंची नजर गेली, आणि मी तोडायचं नाव काढणं बंद केलं.

त्याचं कारण असं की त्या न्हाणीघरात त्यांना दिसत होतं. बाकी घरात त्या भिंतीला हात लावत चालायच्या, ताटात वाटी कुठे आहे ते विचारायच्या. पण न्हाणीघरात गेल्या की आतून कडी लावायच्या आणि अर्धा तास कोणाची गरज नसायची. उजव्या नळाच्या मुठीचा एक दांडा कधीच तुटलेला, तो थंड पाण्याचा. चारही दांडे शाबूत, तो गरम. हाताने मूठ चाचपायची, आधी गरम सोडायचं, मग थंड, मग हाताच्या मागल्या बाजूने बादलीतलं पाणी बघायचं. वैशाखातही त्यांना गरमच लागायचं. आंघोळ झाली की आपलं लुगडं आपणच पिळून बाहेर यायच्या. दिवसभरात त्या एकट्याने करत असलेलं एवढं एकच काम उरलं होतं.

गरम पाणी गच्चीवरच्या सोलरमधून यायचं. सासऱ्यांच्या जुन्या पाइपालाच आम्ही सोलर जोडलेलं. उन्हाळ्यात ते पाणी इतकं तापतं की चहाला ठेवावं. म्हणून त्या आत गेल्या की मी दाराबाहेर मेथी नाही तर तांदूळ निवडायला बसायची. निवडणं नावाला. कान आत.

त्या वर्षी होळी झाली आणि गरम नळ ठिबकायला लागला. मग मूठ सैल झाली. एक दिवस मी बाहेर बसलेली असताना पाणी पडतच राहिलं. बादली भरली, सांडली, तरी पडतच होतं.

"आई?"

"हाव. आहे."

पाणी थांबेना. मी दार ठोकलं. बऱ्याच वेळाने कडी निघाली. आत वाफच वाफ. सासूबाई कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून पाटावर उभ्या होत्या. नळाची मूठ फिरवावी तशी नुसती गरगर फिरत होती आणि खाली कढत पाणी वाहत होतं. त्यांचा उजवा पाय घोट्यापर्यंत लाल झाला होता. मी धावत गच्चीवर गेले, सोलरचा कॉक बंद केला आणि परत येऊन ओरडले, "आवाज काऊन नाही दिला?"

"देऊन काय होते? तू आत आली असती."

मी तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्यापासून आंघोळ मी घालणार. त्यांनी ओल्या केसांचं पाणी टिपलं आणि शांतपणे म्हणाल्या, "दुसऱ्यानं आंघोळ घातली म्हंजे मानूस गेलं. मले अजून जायचं नाही."

"अन् पाय भाजला ते चालते?"

"पाय माहा आहे."

मला संताप आला, आणि त्याच्यामागे भीती आली. त्या काय म्हणत होत्या ते मला कळलं होतं. आमच्याकडे माणूस गेलं की घरच्या बायका त्याला अंगणात बसवून शेवटचं पाणी घालतात. सासरे गेले तेव्हा तांब्या माझ्याही हातात होता. म्हणजे नळ दुरुस्त झाला तर त्यांची आंघोळ त्यांची राहणार होती. नाही झाला तर ती माझ्या हातात येणार होती, आणि त्यानंतर त्या फार दिवस काढतील असं मला वाटत नव्हतं.

पहिला आला तो तरुण प्लंबर. त्याने नळाचा फोटो काढला, मोठा केला, छोटा केला. म्हणाला, आटे जुन्या मापाचे आहेत, बाजारातला कुठलाच नळ यावर बसणार नाही, भिंत फोडून नवीन लाइन टाकावी लागेल. "काकू, हे भंगारात द्या. सिंगल लिव्हर टाकून देतो. एका बोटानं चालते."

सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "एका बोटानं चालते म्हनूनच नको."

त्या अकोल्याला मुलीकडे गेल्या होत्या तेव्हा त्यांच्या कोपराचा तसल्या नळाला धक्का लागला होता आणि अंगावर एकदम गरम पाणी आलं होतं. ती दांडी कुठल्या बाजूला गरम आणि कुठल्या बाजूला थंड, हे हाताला सांगता येत नाही. प्लंबर गेला. नवरा म्हणाला, पाहू.

बसस्टँडच्या मागे एक म्हातारे मिस्त्री बसतात. स्टोव्ह, हातपंप, पितळी भांड्यांच्या तोट्या असली कामं करतात. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. मी स्वतः जाऊन त्यांना घेऊन आले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, कॅनव्हासची पिशवी खाली ठेवली आणि नळाला हात लावला. डोळे मिटून मूठ हळूहळू फिरवली, थांबवली, उलटी फिरवली. मी घायकुतीला आलेली. डोळे मिटून काय दिसणार याला, असं मनात आलं आणि लगेच सासूबाईंची आठवण येऊन मी ओशाळले.

"नळ साबूत आहे," ते म्हणाले. "आतला दांडा घासला. आटेच राह्यले नाहीत त्याले, मंग धरन कायले? खरादवाल्याकडून लेथवर पितळीचा नवा करून घेतो. अन् खालचा वायसर चमड्याचा होता, तो सडला." मग सासूबाईंकडे वळून जरा अडखळत विचारलं, "भाबी, तुमी आंघोळ करून देवपूजा करता. चमडा चालीन का? नाही तं रबर टाकतो. पन या नळाले चमडाच बरा."

सोवळ्याओवळ्यात त्या कडक. पण त्या हसल्या. "माहेरी मोटीचं पानी पेलो आमी. ते मोट काय सोन्याची होती? टाका चमडा."

नळाचं आतलं सगळं काढून त्यांनी नेलं. दोन दिवस मी बादल्या भरून न्हाणीघरात ठेवायची आणि बाहेर यायची. कडी त्याच लावायच्या. तिसऱ्या दिवशी चाचा नवा दांडा आणि तेलात भिजवलेली चामड्याची चकती घेऊन आले. बसवायला मुळी वेळ लागला नाही, वेळ लागला तो पुढे. शेवटचा आटा आवळायच्या आधी ते म्हणाले, "भाबी, या. फिरवून पाहा."

सासूबाईंनी फिरवलं. "जड जाते."

त्यांनी उघडलं, चकती चाकूने किंचित तासली, परत बसवलं. "आता?"

"आता ढिला."

असं चार वेळा झालं. माझा धीर संपला. "चाचा, रबराचाच टाका ना. आवळून टाका घट्ट. पानी बंद झालं म्हंजे झालं."

"घट्ट केलं तं जोर लावा लागन," चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले. "ओल्या हातानं जोर लावला की हात घसरते, हात घसरला की मानूस घसरते. भाबीच्या हाताले इचारल्याबिगर मी आवळत नाही."

पाचव्या वेळी मूठ हाताला बरोबर लागली, तेव्हा चाचांनी शेवटचा आटा आवळला आणि गच्चीवर जाऊन सोलरचा कॉक उघडला. सासूबाईंनी नळ उघडला, बंद केला आणि नळाच्या तोंडाखाली तळहात धरून बराच वेळ उभ्या राहिल्या. एक थेंब पडला नाही. त्यांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला तसा वर्षभरात पाहिला नव्हता. चाचांनीही एकदा पाणी सोडून दाखवलं आणि म्हणाले, "आज मुरू द्या. उद्यापासून वापरजा."

आता पुढचं सांगते. ते मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नव्हतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. नवा दांडा हातात आला तर? चकती निसटली तर? पहिल्यांदा पायावर निभावलं होतं. सकाळी सासूबाई लुगडं खांद्यावर टाकून न्हाणीघराकडे निघाल्या. मी पापड बघायच्या निमित्ताने गच्चीवर गेले आणि सोलरचा कॉक बंद केला. पहिला दिवस थंड पाण्यावर जाऊ दे, असा हिशेब. मूठ नीट फिरते का ते कळेल. उन्हाळाच आहे, थंड पाण्याने कोणी मरत नाही. त्यांना सांगितलं असतं तर त्या चिडल्या असत्या, म्हणून सांगितलं नाही. खाली आले, मेथीची जुडी घेतली आणि दाराशी बसले. किती दिवसांनी मी निवांत बसले होते. आता काही होऊच शकत नाही, असं मला वाटत होतं.

मी एक गोष्ट विसरले, आणि ती आमच्या गावात शेंबडं पोरही विसरत नाही. इथे नळाला रोज पाणी येत नाही. चार दिवसांनी येतं, कधी आठ. त्यामुळे कोरडा नळ कोणी बंद करत नाही. तो उघडाच ठेवायचा आणि खाली बादली लावायची. पाणी आलं की बादली वाजते आणि सगळं घर धावतं. सासूबाईंचा हात साठ वर्षं हेच करत आला होता. त्यांनी गरम नळ उघडला. पाणी आलं नाही. त्यांनी मूठ पूर्ण फिरवली, खाली बादली सरकवली आणि नळ तसाच ठेवला. मग दुसऱ्या नळाने त्याच बादलीत थंड पाणी घेतलं आणि आंघोळ करू लागल्या. गरम पाणी येत नाही म्हणून त्यांनी मला हाक मारली असती, पण मी आत आले असते.

मला आतून तांब्याचा आवाज येत होता. मी मेथी निवडत होते, खरोखरच निवडत होते.

तेवढ्यात नवरा गच्चीवरून खाली आला. टाकीतलं पाणी बघायला गेला होता. सहज म्हणाला, "चाचा सोलरचा कॉक उघडायचा इसरले वाटते. मी उघडून आलो."

मी उठले. मांडीवरची मेथी सगळी खाली पडली. तोंडातून शब्द निघायच्या आत पाइपात हवा खडखडली आणि आतून सासूबाई ओरडल्या, "आई वं!"

एकदाच. त्या तेव्हा हाताचा साबण धुवायला बादलीत वाकल्या होत्या, बरोबर गरम नळाच्या तोंडाखाली. नवऱ्याने दार ढकलून कडी उखडली. दोन्ही हात मनगटापासून बोटांपर्यंत पोळले होते.

डॉक्टर म्हणाले, निभावलं, जखम वरवरची आहे, दोन-तीन आठवड्यांत भरेल. दोन्ही हातांना बोटांपर्यंत पट्ट्या. घरी आल्यावर नवरा मिस्त्रीवर तोंडसुख घ्यायला लागला. म्हातारा माणूस, त्याच्याकडे काम द्यायलाच नको होतं, वगैरे. सासूबाई म्हणाल्या, "त्याले काऊन बोलता? नळ चांगला आहे. मीच उघडा ठेवला." मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होते. तेव्हाच सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हटलं. उद्या आलं आणि गेलं. एरवी माझ्या तोंडाला कुलूप नाही, आणि नको तेव्हा ते बरोबर लागलं.

तिसऱ्या दिवशी चाचा आपणहून आले, गावात ऐकलं म्हणून. नवऱ्याने विचारलं, "वरचा कॉक तुमी उघडला होता का इसरले?"

"उघडला होता," चाचा म्हणाले. मग थांबले. "उघडूनच तं पानी दाखवलं मी... दाखवलं ना? मंग जाताना... बंद केला का काय?" ते आपल्या हाताकडे बघत राहिले. "काही सांगता येत नाही साहेब. आता वय झालं. इसरलो असन."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मी त्यांना चहा दिला. साखर कमी आहे का म्हणून विचारलं. एवढंच बोलले.

सासूबाईंनी आठवडाभर अंगाला पाणी लावू दिलं नाही. मग डॉक्टरांनीच दटावलं. मी त्यांच्या दोन्ही हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या आणि त्यांना न्हाणीघरात नेलं. नवरा कामाला गेला होता. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांची पाठ मी पहिल्यांदा बघत होते. एवढीशी होती. मी पाणी घातलं, साबण लावला. त्या मान खाली घालून बसल्या होत्या.

"तुहा हात चांगला आहे," त्या शेवटी म्हणाल्या.

मी पुढचा तांब्या त्यांच्या खांद्यावर ओतला.

"आता तूच घालत जाय. पट्ट्या निघाल्या तरी. मले आता नळाचं ध्यान राहत नाही. कोरडा नळ उघडा ठेवला अन् त्याच्याच खाली हात घातले. गरम नळ आहे, एवढंबी नाही समजलं." मग भिंतीकडे तोंड करून, "झालं आता माहं."

पाय भाजला त्या दिवशी मी नेमकं हेच मागितलं होतं, आंघोळ माझ्या हातात. आता ते न मागता मिळत होतं. मी फरशीवर बसले.

"आई, वरचा कॉक मी बंद केला होता."

त्यांनी मान वर केली. चेहरा भिंतीकडेच होता.

"चाचा उघडून गेले होते. मी सकाळी जाऊन बंद केला. तुमाले सांगतलं नाही. म्हनून पानी आलं नाही. मंग तुमच्या लेकानं उघडला."

"कायले केला बंद?"

"भेव वाटलं."

"कायचं?"

"तुमाले काही होईन म्हनून."

"मंग झालं ना," त्या म्हणाल्या.

मी रडायला लागले. त्यांनी ते चालू दिलं नाही. "मिस्त्रीले सांगतलं?"

"नाही."

"तो मानूस घरी बसून सोताच्या हाताले शिव्या देत असन. मी देत होती तशा." त्यांचा आवाज आता माझ्या ओळखीचा झाला होता, कडक. "ऊठ. जाय, त्याले सांगून ये."

"जातो ना, तुमची आंघोळ झाली की..."

"आत्ता."

"आई, अंगाले साबन आहे. घरात कोनी नाही. हाताले पिशव्या..."

"साबन माहा आहे. बादली जवळ सरकव, तांब्या दे अन् बाहेर हो."

मी बादली सरकवली. त्यांनी दोन्ही मनगटांच्या मध्ये तांब्या धरला. पहिल्यांदा निसटला, पण दुसऱ्यांदा पाणी खांद्यावर गेलं. मी बाहेर आले आणि दार लोटून घेतलं. नवऱ्याने उखडलेली कडी परत बसवली होती, ती आतून कोपराने सरकवायचा प्रयत्न चालला होता. दोनदा हुकलं. मी दाराला हात लावला नाही. तिसऱ्यांदा कडी बसली. मग मी हातावरचा फेस पदराला पुसला, चपला घातल्या आणि बसस्टँडकडे चालायला लागले.